दोन इंचांच्या मावळ्याला कोणता रंग?

प्रश्न : बाई, सा. न. वि. वि. मी सांगलीचा, वय ४१, बँकेत नोकरी. गेल्या वर्षी ५४ मिलिमीटरची धातूची फिगर आणली, दांडपट्टा उगारलेला मावळा. घरात ॲक्रिलिकच्या बारा बाटल्यांचा संच होता, त्यात रंगवला. कपडे बरे जमले, पण चेहऱ्यावर वाघासारखे पट्टे उठले : एक सावलीचा, एक अंगाच्या रंगाचा, एक उजेडाचा. मित्र म्हणतात, ॲक्रिलिक सोड, तैलरंग घे, चेहरा लोण्यासारखा होईल. बायको म्हणते, दोन खोल्यांचं घर, त्यात तीन वर्षांची मुलगी, तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास नको. मला रोज रात्री दहा ते साडेअकरा एवढाच वेळ मिळतो. नवे रंग घेऊ का? आणि आहे त्या संचाचं काय करू?

उत्तर : बाटल्या कुणाला देऊन टाकू नका. त्यांच्याशिवाय तैलरंगाचंही काम व्हायचं नाही, ते का, ते पुढे येईलच.

तुमचे पट्टे माझ्या ओळखीचे आहेत. मी मूळची पेणची. आमच्या आळीत गणपतीचे दोन कारखाने होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा पोरांना तिथे फुकट शिकायला मिळायचं, म्हणजे फुकट राबायला. आधी अस्तर मारायला देत, मग पितांबर, मग दागिने. डोळ्यांच्या आखणीला मात्र कुणी हात लावायचा नाही. आखणीचे कारागीर बसले की कारखान्यात मोठ्याने खोकायचीही चोरी. तिथला रंग झटपट वाळणारा, त्यामुळे सोंडेवर किंवा गालावर गुलाबी छटा उतरवायची तर ती रंग ओला असतानाच, एक-दोन मिनिटांत. जमली तर जमली. माझ्या हातचे पहिले सात-आठ उंदीर तुमच्या मावळ्यासारखेच पट्टेरी झाले होते. उंदीर होते म्हणून खपून गेले.

पुढे ठाण्यात ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर ही धातूची चिमुकली माणसं हाती आली. तुम्ही पत्रात ‘फिगर’ लिहिलंय. मी मूर्तीच म्हणते, जुनी सवय.

आता हिशेब बघा. ५ फूट ८ इंचांचा माणूस ३२ पटींनी लहान केला की ५४ मिलिमीटरचा होतो. म्हणजे तुमच्या मावळ्याचा चेहरा हनुवटीपासून पगडीपर्यंत जेमतेम ६ मिलिमीटर, आणि डोळा पुरता एका मिलिमीटरचाही नाही. माणूस लहान झाला, पण खोलीतला दिवा काही लहान झाला नाही. खऱ्या माणसाच्या नाकाखाली, भुवईखाली जी सावली आपसूक पडते ती एवढ्याशा नाकाखाली पडत नाही, पडली तरी कुणाला दिसत नाही. ती रंगानेच पाडावी लागते. उजेड डोक्यावरून येतोय असं धरायचं : कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडं उजळ, डोळ्यांच्या खोबण्या, हनुवटीखालचा गळा गडद. हे सगळं ६ मिलिमीटरांत, आणि एक छटा कुठे संपली, दुसरी कुठे सुरू झाली, ते कळता कामा नये. सगळी भानगड त्या हद्दीची आहे.

ॲक्रिलिक म्हणजे रंगद्रव्य आणि पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात, पापुद्रा धरतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पातळ हात असेल तर हे दोन-तीन मिनिटांत उरकतं. पट्टे उठतात ते याच दोन-तीन मिनिटांत. रंग अर्धवट वाळलेला असतो, आपल्याला हद्द खुपते, आपण ती पुसट करायला जातो आणि ब्रशबरोबर पापुद्राच उचलून येतो. तैलरंगाचं वाळणं वेगळं. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होत जातं, उडून जात नाही. त्याला दिवस लागतात. तेवढ्यात तुम्ही हद्दीवर कोरडा ब्रश टेकवत बसू शकता, उठून चहा टाकू शकता, उद्या रात्री दहाला येऊन उरलेला गाल पुरा करू शकता. मित्र म्हणतात ते लोणी ते हेच.

पण नुसता तैलरंग आणला की चेहरा सुधारतो, हे मला मान्य नाही. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा धरलेल्या तरुणीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांच्या फटींतून लालसर उजेड पाझरताना दिसतो. बघणारे हमखास ते तैलचित्र समजतात. आहे ते जलरंगातलं, आणि जलरंग तर ॲक्रिलिकपेक्षा हट्टी.

म्हणून आधी आहे त्याच बाटल्यांनी एकदा पुन्हा करून बघा. तुमच्या चेहऱ्यावर तीन छटा आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. तीनच छटा म्हटल्यावर पट्टेच दिसणार. सात करा. सावलीच्या रंगात अंगाचा रंग थोडा थोडा वाढवत जा आणि पुढे त्यात उजळ रंग. रंग पातळ ताकाइतका हवा. ब्रश रंगात बुडवल्यावर आधी कागदी नॅपकिनवर टेकवा, जादा पाणी तिथेच जाऊ दे, मग मूर्तीवर न्या. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोड्या कमी जागेवर. आणि दोन हातांच्या मध्ये शंभरपर्यंत मोजा. खरोखर मोजा. माझ्या वर्गातली मुलं तीसपर्यंत मोजून ‘झाले शंभर’ म्हणायची आणि त्यांचे रंग बरोबर तिसाव्या आकड्यालाच फाटायचे.

एवढं करूनही समाधान नसेल तर चेहऱ्यापुरता तैलरंग. फक्त चेहरा, हात आणि पुढेमागे घोडेस्वार आणलात तर घोडा. कपडे, शेला, ढाल, जोडे, बैठकीची जमीन हे सगळं ॲक्रिलिकमध्येच राहू दे. तुमच्या दीड तासाला तेच सोयीचं. एका रात्री अंगरखा, दुसऱ्या रात्री सुरवार, तिसऱ्या रात्री पगडीचे पेच, आणि रोज काम पुरं करून झोपायला जाता येतं. तैलरंगाची मूर्ती अशी सुटत नाही. ती चार-पाच दिवस ओलीच टेबलावर उभी असते, आणि तुमच्याकडे तीन वर्षांची बोटं आहेत.

चार ट्यूबा पुरेत : बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि टायटॅनियम व्हाइट (पांढरा). बारांचा संच घेऊ नका, त्यातल्या निम्म्या ट्यूबांची टोपणं कायमची चिकटून बसतात. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूबेत भरताड जास्त असतं, म्हणून त्या पैशात चारच घ्या पण ‘आर्टिस्ट’ दर्जाच्या घ्या. सगळ्यात लहान ट्यूब चालेल. एका चेहऱ्याला तांदळाच्या दाण्याएवढा रंग लागतो. त्या ट्यूबा मुलीच्या दहावीपर्यंत पुरतील. पांढरा घेताना ट्यूबेवर तेलाचं नाव बघा. जवसाचं तेल काळाने, त्यातही अंधारात, पिवळं पडतं, म्हणून पुष्कळ कंपन्या पांढरा रंग करडईच्या तेलात घोटतात. हो, आपलीच करडई. म्हणून कुणी घरातला डबा उघडू नये. माझ्या एका विद्यार्थ्याने तैलरंगात शेंगदाण्याचं तेल घातलं होतं. ते चित्र वर्षभराने काढलं तेव्हा त्याला वर्गातली सगळी धूळ चिकटलेली होती. शेंगदाण्याचं आणि खोबरेल, ही तेलं अशी वाळून घट्ट होत नाहीत.

आता चेहरा. बाटलीवर ‘फ्लेश’ लिहिलेला असतो तो गुलाबी रंग युरोपातल्या शिपायाचा. मावळ्याला नको. आपला माणूस उन्हात रापलेला. सिएना, ऑकर आणि कणभर पांढरा अशा जातीचा मधला रंग ॲक्रिलिकमध्ये करून चेहऱ्याला दोन पातळ हात द्या आणि एक पूर्ण दिवस सोडा. ही झाली जमीन. दुसऱ्या दिवशी तैलरंगाचे दाणे पॅलेटवर न काढता खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढा आणि तासभर ठेवा. पुठ्ठा जादा तेल पितो आणि वाळल्यावर चेहरा घामेजल्यासारखा चकाकत नाही. पण रात्रभर विसरलात तर धरून ठेवायला तेलच उरत नाही, रंग खडूसारखा भुरभुरीत होतो.

तोच मधला रंग तैलरंगात बनवून चेहऱ्यावर इतका पातळ पसरवा की जणू लावून पुसून काढलाय. खोबण्यांत, नाकाच्या बाजूला, ओठाखाली अंबरचे ठिपके द्या. नाक, गाल, कपाळावर ऑकरमध्ये थोडा पांढरा मिसळून. निव्वळ पांढरा लावलात तर मावळा गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखा दिसेल. या क्षणी चेहरा भयंकर दिसतो, घाबरू नका. आता दुसरा, पूर्ण कोरडा, मऊ ब्रश घ्या आणि फक्त हद्दीवर टेकवत चला. ओढायचा नाही, टेकवायचा. चार-पाच टेकवण्यांनंतर टोक कपड्याला पुसा, नाहीतर अंबर कपाळापर्यंत प्रवास करतं. पाच मिनिटांत हद्द नाहीशी होते. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा वयाच्या ६१व्या वर्षी एकटीच टाळी वाजवली होती.

बिघडलं, तर ब्रश किंचित टर्पेंटाइनमध्ये ओला करून सगळा चेहरा पुसून टाका. खालची ॲक्रिलिकची जमीन पुरती वाळलेली असेल तर ती टर्पेंटाइनला दाद देत नाही. पाटी पुसून पुन्हा लिहायला घेतल्यासारखं. म्हणून म्हटलं, त्या बारा बाटल्या जपा.

वासाचं म्हणाल तर तुमच्या बायकोचं खरं आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घरभर घुमतं. चित्रकलेच्या दुकानात कमी वासाचं थिनर मिळतं, पण वास कमी म्हणजे अपाय कमी असं नव्हे. बाटलीच्या टोपणात चमचाभर घ्यायचं, बाटली लगेच बंद, खिडकी उघडी आणि सगळं कुलपात. तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं वाळताना आपोआप तापतं, कधी पेटही घेतं. पाण्यात भिजवून मगच टाका. आणखी एक वाट आहे : पाण्यात मिसळणारे तैलरंग. तेलच असतं, पण पाण्याशी जमवून घेईल असं केलेलं, म्हणजे टर्पेंटाइनची गरजच नाही. हाताला जरा चिकट लागतात आणि पाणी जास्त झालं तर रंग दुधाळ दिसतो, वाळला की पुन्हा मूळ रंगावर येतो. मला स्वतःला ते तितकेसे आवडत नाहीत. पण तुमच्या घरात मी असते तर हेच घेतले असते.

क्रम मात्र चुकवू नका : खाली ॲक्रिलिक, वर तैलरंग. उलटं नाही. भावाच्या साठीला मी घोडेस्वार केला होता. घोडा तैलरंगात, तपकिरी, मला स्वतःलाच आवडलेला. तिसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला म्हणून खोगिराचा पट्टा राहिला होता तो वरून ॲक्रिलिकमध्ये आखला. सहा महिन्यांनी भावाकडे गेले तर पट्ट्याला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा. वरचा पापुद्रा कधीच वाळून बसला होता आणि खालचं तेल अजून आक्रसत होतं. भाऊ म्हणाला, जुना पट्टा दिसतोय, छानच आहे. तो तसाच ठेवलाय त्याने.

डोळे सगळ्यात शेवटी, कारखान्यातल्यासारखे. इथे ॲक्रिलिक दगा देतं, कारण ब्रशच्या टोकावरचा कणभर रंग डोळ्यापर्यंत पोचेतो वाळलेला असतो. तैलरंगाने आखा. आधी वरच्या पापणीची गडद रेघ, मग डोळ्यात मळकट पांढरा, आणि बुबुळ वरच्या पापणीला चिकटून. मधोमध गोल ठिपका दिलात तर मावळा भूत पाहिल्यासारखा दिसतो. दोन्ही बुबुळं जरा एका बाजूला वळवली की शत्रूवर नजर ठेवल्यासारखी वाटतात आणि मापातला फरकही लपतो. ब्रश एक नंबरचाच घ्या, टोक चांगलं असलेला. तीन शून्यांच्या ब्रशात रंगच मावत नाही. कोपर टेबलावर, करंगळी मूर्ती धरायला खाली लावलेल्या दांड्यावर टेकलेली. आणि श्वास सोडून झाल्यावर रेघ, भरून घेतल्यावर नाही. पेणच्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी हे मला शिकवलं ते शब्दांत नव्हे, पाठीत धपाटा घालून.

जरीच्या काठांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. सोनेरी रंग वापरू नका. त्यातली चमकी या मापाला फार मोठी पडते, काठ पत्र्याचा वाटतो. ऑकरची रेघ, तिच्या कडेला अंबर आणि मध्ये मध्ये फिकट पिवळ्याचे ठिपके, जरी दिसते. ढालीवरच्या पितळी फुल्यांना मात्र खुशाल सोनेरी द्या.

प्रश्न : मी नागपूरची. मे महिन्यात ॲक्रिलिक ब्रशच्या टोकावरच वाळतो. तैलरंगाकडे वळू का? ओलं पॅलेट विकत मिळतं म्हणतात, पण महाग आहे.

उत्तर : एवढ्यासाठी रंग बदलू नका, आणि पॅलेटही विकत घेऊ नका. पसरट, झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाला भांडी घासायच्या नव्या स्पंजाचा पातळ काप, तो पाण्याने भिजवलेला, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. कागदावर रंग काढा. खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावलं तर कालवलेला रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. पाणी कागदाच्या वर आलं तर जास्त झालं. आठवड्याने वास मारायला लागतं, तेव्हा स्पंज धुवायचा.

पंखा बंद. कूलर चालेल, उलट त्याच्या दमट हवेने मदतच होते, फक्त झोत टेबलावर नको. शिवाय रिटार्डर म्हणून द्रव मिळतो, तो ॲक्रिलिकचं वाळणं लांबवतो. ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच घ्या, जास्त झाला तर रंग चिकटच राहतो.

आमच्याकडे जुलैत याच्या बरोबर उलट. पेणला पावसाळ्यात ॲक्रिलिकचा एक हात वाळेपर्यंत भाताचा कुकर होतो.

प्रश्न : बाई, मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की तैलरंगाचा पातळ हात दोन दिवसांत वाळतो. माझ्या घोड्याचं अंग खरंच दोन दिवसांत वाळलं, पण काळी शेपटी आणि आयाळ नऊ दिवस झाले तरी बोटाला लागते. घाईने वर मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, वॉर्निशचा स्प्रे मारला तर घोड्यावर पांढरं धुकं आलं. आता काय? (रत्नागिरी)

उत्तर : चूक माझी. ‘तैलरंग’ असं सरसकट लिहायला नको होतं. रंगागणिक वेळ बदलते. अंबरमध्ये मुळातच मँगनीज असतं आणि ते तेल लवकर वाळवतं, म्हणून तुमचं तपकिरी अंग दोन दिवसांत मोकळं झालं. आयव्हरी ब्लॅक महा आळशी. टायटॅनियम व्हाइटही रेंगाळणारा. शेपटी तशीच राहू दे, आणखी आठवडाभराने वाळेल. पुढच्या वेळी ट्यूबेतला काळा घेऊच नका. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळा. काळाच दिसतो, लवकर वाळतो आणि त्यात निळ्याची झाक राहिल्याने घोडा कोळशाचा वाटत नाही.

बंद डब्यात ठेवू नका, तेलाला हवा लागते. पेल्याखाली ठेवा आणि पेल्याची कड काडेपेटीवर टेकवून फट सोडा, म्हणजे धूळ बसत नाही. पूर्वी खोक्यात ४० वॅटचा बल्ब लावून मूर्ती उबेला ठेवायचे. आता घराघरांत एलईडी, त्याला ऊबच नाही. मी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवते. धातूची मूर्ती असेल तरच. प्लॅस्टिकची तापली तर तलवार वाकते.

धुकं आलं ते तुमच्याकडच्या पावसाने. फवारा उडताना थंडावतो, हवेतली ओल त्यात अडकते आणि पांढरेपणा येतो. पाऊस उघडून एखादा कोरडा, उन्हाचा दिवस मिळेल तेव्हा, शेपटी वाळल्याची खात्री करून, तेच वॉर्निश पुन्हा अगदी हलकं मारून बघा. बरेचदा धुकं विरतं. तोपर्यंत खरवडू नका. जून ते सप्टेंबर मी स्प्रेचा डबा कपाटातून काढतच नाही, ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वॉर्निश वापरते. बाटली हलवून घ्या, मॅट करणारी भुकटी तळाशी बसते. माझी एकदा न हलवल्यामुळे वरची बाटलीभर चकाकी आणि खालची शेवटची दोन बोटं नुसती खीर निघाली होती.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे, पुण्यात राहते. दिवाळीला आमच्या सोसायटीचा किल्ला असतो. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून यंदा मातीची ३० कोरी चित्रं आणली आहेत. गेल्या वर्षी पोस्टर कलरने रंगवली होती, तर अळिवाला पाणी घालताना सगळे रंग ओघळले आणि महाराजांचा अंगरखा हिरवा झाला. बाबांचे ऑइल कलर आहेत. त्याने रंगवू का? दिवाळीला तीन आठवडे आहेत.

उत्तर : बाबांचे ऑइल कलर बाबांनाच राहू दे. कोरी माती तेल पिऊन टाकते, वर रंग फिका आणि डागाळलेला दिसतो. शिवाय ३० चित्रं, तीन आठवडे आणि रत्नागिरीच्या काकांच्या घोड्याची शेपटी तू वर वाचलीच असशील.

ॲक्रिलिक घे, अगदी साधा. तो वाळला की पाण्याने जात नाही, तुझ्या अळिवाला खुशाल झारी घाल. आधी चित्रं कोरड्या ब्रशने झटक, मातीची धूळ राहिली तर रंग पोपडा होऊन निघतो. मग पांढऱ्या ॲक्रिलिकमध्ये थोडं पाणी घालून सगळ्यांना अस्तर, खालून तळालासुद्धा. तळ कोरा राहिला तर ओल तिथून वर चढते. अस्तर वाळायला एक रात्र.

नंतर एकेक चित्र पुरं करत बसू नकोस, आठव्या चित्राला कंटाळशील. एकेक रंग घे. आज तिसांचे चेहरे आणि हात, उद्या तिसांचे अंगरखे, परवा पगड्या. मैत्रिणी असतील तर एकीकडे एकच रंग दे आणि चित्रं रांगेने पुढे सरकवा. पेणच्या कारखान्यात असंच चालतं. मावळ्यांचे अंगरखे सगळे पांढरेशुभ्र करू नका. एखाद्या बाटलीत थेंबभर पिवळा, एखादीत थेंबभर तपकिरी टाक, म्हणजे सैन्य गणवेशातल्या शाळेसारखं दिसणार नाही.

सावल्या वगैरेच्या भानगडीत तीस चित्रांसाठी पडायचं नाही. शेवटी तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून तो चहासारखा पातळ कर, चित्रावर सोड आणि वरचा भाग लगेच फडक्याने टिपून घे. चुण्यांमध्ये तेवढा उरतो आणि लांबून सावली दिसते. किल्ला लांबूनच बघायचा असतो.

डोळे फक्त महाराजांचे आणि पुढच्या चार-पाच जणांचे नीट काढ. बाकीच्यांना नुसती गडद रेघ पुरे. ते बुरुजावर आहेत, त्यांना कोण वाकून बघतंय? आणि महाराजांना सिंहासनाला फेव्हिकॉलने चिकटवू नकोस. पुढच्या वर्षी पुन्हा हात मारायला काढता आले पाहिजेत.